खरं पोस्टर, पण कुठल्या सालचं?

जुन्या सिनेमाचं पोस्टर दाखवून कुणी ‘हे अस्सल आहे का?’ असं विचारलं, की मी त्या एका प्रश्नाचे आधी दोन प्रश्न करते. हा कागद थिएटरच्या बाहेर लावण्यासाठीच छापला होता, की नंतर कुणी घरच्या भिंतीसाठी नक्कल काढली? आणि थिएटरसाठीच छापला असेल, तर सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा, की काही वर्षांनी पुन्हा आणला तेव्हा? पहिल्याचा निकाल बहुतेक वेळा भिंगाखाली लवकर लागतो. दुसरा मात्र घाम काढतो, कारण पुनःप्रदर्शनाचं पोस्टरही खरंच असतं. ते स्टुडिओनंच छापून घेतलेलं असतं, तसल्याच कागदावर, कित्येकदा त्याच चित्रावरून. खोटं असतं ते नंतर त्याला चिकटवलेलं साल.

माझ्याकडे आलेल्या एका वन-शीटनं, म्हणजे थिएटरबाहेर लावायच्या नेहमीच्या मापाच्या पोस्टरनं, हा दुसरा प्रश्न मला मुळापासून शिकवला. अमेरिकन गुन्हेगारीपट, मूळ प्रदर्शन १९४६ चं. विक्रेत्याचं वर्णन असं: पहिल्या प्रदर्शनाचं पोस्टर, कापडावर चढवलेलं (म्हणजे पाठीला आधाराचं कापड चिकटवलेलं), काठाला थोडी डागडुजी. चित्र मला फार आवडलं होतं. काळ्या पार्श्वभूमीवर अर्ध्या चेहऱ्यावर पडलेला पिवळा उजेड, आणि त्या उजेडातच बसवलेली शीर्षकाची लाल अक्षरं. सालाची खातरजमा मी स्वतः करणार आणि ती पटली नाही तर पुन्हा बोलू, हे विक्रेत्याला आधीच कळवलं होतं. त्यांनी ते मान्य केलं. जुन्या पोस्टरांच्या व्यवहारात ही अट घालायला कुणी संकोच करू नये. जाणता विक्रेता तिचा राग मानत नाही.

सुरुवात मी नेहमी फूटपट्टीनं करते. अमेरिकन वन-शीट १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साधारण २७ इंच रुंद आणि ४१ इंच उंच असे. त्यानंतर उंची एका इंचानं घटून ४० वर आली. म्हणून १९४६ चं म्हणून समोर ठेवलेलं पोस्टर बरोबर २७ बाय ४० भरलं तर पाल चुकचुकते, आणि २४ बाय ३६ भरलं तर ते दुकानात विकायला काढलेलं शोभेचं पोस्टर असण्याचीच शक्यता जास्त. पोस्टरांच्या बाकीच्या प्रकारांची मापंही अशीच इंचांत ठरलेली होती. थिएटरच्या दालनात लावायचं छोटं लॉबी कार्ड ११ बाय १४, विंडो कार्ड १४ बाय २२, इन्सर्ट १४ बाय ३६, हाफ-शीट २२ बाय २८. ब्रिटनमधलं ‘क्वाड’ हे पोस्टर आडवं, ४० रुंद आणि ३० उंच. अर्थात काठ छाटलेला असू शकतो, ओलसर हवेनं कागद किंचित फुगलेला असू शकतो, कापडावर चढवताना तो ताणलाही जातो. त्यामुळे एकूण कागदाच्या मापापेक्षा छापील चित्राचं माप मी जास्त बारकाईनं घेते. काठ कापता येतो, पण चित्राची चौकट बदलत नाही. नक्कल करणारा एखाद्या जुन्या पोस्टरचा फोटो मोठा करतो, तेव्हा चौकटीचं प्रमाण हमखास थोडं तरी हलतं.

माझ्या पोस्टरची चौकट नीट भरली. काठ तीन बाजूंनी सारखा होता. खालचा मात्र किंचित जास्त पांढरा दिसला.

मग घड्या. १९८० च्या आधीची वन-शीट सहसा गुंडाळून नव्हे, घडी घालूनच थिएटरला जात. तीन आडव्या घड्या आणि एक उभी, म्हणजे कागदाचे आठ चौकोन. खऱ्या घडीवर कागदाचे तंतू तुटलेले असतात, शाई झिजलेली असते, आणि जिथे आडवी आणि उभी घडी एकमेकींना छेदतात तिथे बारीक छिद्र पडायला आलेलं असतं. नकलेत हीच घडी छापलेली असते. मूळ पोस्टरचा फोटो काढताना घडीची पांढरी रेघही त्यात येते आणि गुळगुळीत नव्या कागदावर तशीच उमटते. बोट फिरवलं की कळतं. माझ्या पोस्टरच्या घड्या खऱ्या होत्या, तिन्ही छेदांवर डागडुजी झाली होती, आणि ती चांगल्या हाताची होती.

भिंगाखाली छपाई पाहणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. १९२० आणि ३० च्या दशकांतली कितीतरी पोस्टरं शिळाछापाची, म्हणजे लिथोग्राफीची आहेत. त्यांत भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसत नाही. खडूनं रेखाटल्यासारखा अनियमित दाणा दिसतो, आणि एका रंगावर दुसरा रंग सपाट थरानं चढलेला दिसतो. क्लीव्हलंडच्या मॉर्गन लिथोग्राफ कंपनीची त्या काळातली वन-शीट पाहिली, की रंग एवढा दाट कसा राहिला याचं उत्तर त्या थरातच सापडतं. काही स्टुडिओ इन्सर्ट, हाफ-शीट आणि लॉबी कार्डं जिलेटिनच्या थरावरून छापणाऱ्या प्रक्रियेनं काढत. तिच्यातही ठिपके नसतात. पुढे ऑफसेट छपाई आली आणि निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार शायांचे ठिपके फुलाच्या आकारात एकमेकांभोवती बसू लागले. म्हणजे ठिपके दिसले म्हणून पोस्टर खोटं, हा निष्कर्ष चुकीचा आहे. ते ठिपके कुठे दिसतात हे पाहायला हवं.

मी आधी अक्षरांकडे जाते. मूळ पोस्टरमध्ये छायाचित्राचा भाग ठिपक्यांनी बनलेला असेल, पण शीर्षकाची आणि नावांची अक्षरं बहुधा एकसंध शाईची असतात, त्यांची कड धारदार असते. छापलेल्या पोस्टरवरून पुन्हा छापलं, की सगळंच ठिपक्यांत जातं: काळं अक्षरसुद्धा चार रंगांच्या भुरभुरीतून उभं राहतं आणि त्याची कड विरते. शिवाय जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसल्यामुळे चित्रात लाटांसारखी नक्षी उमटते. संगणकाच्या प्रिंटरनं फवारलेली शाई तर भिंगाखाली लगेच ओळखू येते, तिच्या ठिपक्यांना रांगच नसते.

माझ्या पोस्टरची लाल अक्षरं एकसंध होती. चेहऱ्यावरच्या पिवळ्या उजेडात ठिपके होते, पण स्वच्छ, एकाच पिढीचे. इथवर पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला होता. पोस्टर जुनं होतं, थिएटरसाठीच छापलेलं होतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी खालचा उजवा कोपरा. अमेरिकन पोस्टरांच्या संग्राहकाला तिथला बारीक क्रमांक तोंडपाठ असतो. १९४० पासून मोठ्या स्टुडिओंची पोस्टरं थिएटरांना पुरवण्याचं काम हळूहळू नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या कंपनीकडे गेलं, आणि १९८० च्या दशकापर्यंत तिच्याकडेच राहिलं. ही कंपनी प्रत्येक सिनेमाला एक क्रमांक देई: आधी सालाचे दोन आकडे, मग तिरपी रेघ, मग त्या सालातला सिनेमाचा अनुक्रमांक. ४६ आणि पुढे तीन आकडे, म्हणजे १९४६. सिनेमा पुन्हा आणला असेल तर सालाआधी ‘आर’ हे अक्षर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिरपी रेघ गेली आणि सगळे आकडे सलग छापले जाऊ लागले. शेजारी एक सूचनाही असे: हे पोस्टर कंपनीच्या मालकीचं आहे, फक्त या सिनेमाच्या प्रदर्शनासाठी वापरायचं आणि खेळ संपले की लगेच परत करायचं. ही सूचना वाचताना मला दर वेळी भरून येतं. ज्या कागदाला आज आम्ही हातमोजे घालून उचलतो, तो कुणी जपावा अशी तेव्हा कुणाची अपेक्षाच नव्हती. तो परत जाऊन पुढच्या थिएटरला लागायचा, नाहीतर रद्दीत जायचा. जे उरलं ते कुणीतरी नियम मोडून ठेवून घेतलं म्हणून उरलं.

माझ्या पोस्टरवर क्रमांक होता. ४६ पासून सुरू होणारा, आणि ‘आर’ नव्हता. छापील याद्यांत त्या सिनेमासमोर जो क्रमांक दिला होता, तोच.

एवढ्यावर समाधान मानून बरेच जण थांबतात. मीही थांबले असते, पण नावांचा आकार मला स्वस्थ बसू देईना. शीर्षकाच्या वर तीन नावं होती, तिन्ही एकाच आकाराची. त्यातलं तिसरं नाव अशा नटाचं, जो १९४६ मध्ये छोट्या भूमिका करत होता आणि मोठा झाला तो नंतर चार-पाच वर्षांनी. आपण प्रसिद्धीच्या खात्यात आहोत असं धरलं, तर १९४६ साली त्याचं नाव नायकाच्या बरोबरीनं कुणी कशाला छापेल? तेच १९५० नंतर सिनेमा पुन्हा आणायचा झाला, तर पहिल्यांदा त्याचंच नाव मोठं केलं जाईल. पुनःप्रदर्शनाचा बहुधा हेतूच तो असे: आता नावारूपाला आलेला चेहरा आपल्या जुन्या सिनेमात आहे ना, मग तो पुढे आणा.

हा झाला तर्क. त्याला कागदाचा आधार हवा होता.

असा आधार सर्वांत भक्कम मिळतो तो प्रेसबुकात. स्टुडिओ प्रत्येक सिनेमाबरोबर थिएटरमालकांसाठी एक मोठी पुस्तिका काढत असे. तिच्यात वर्तमानपत्राच्या जाहिरातींचे तयार नमुने, छापायला दिलेल्या बातम्या, आणि शेवटच्या पानांवर उपलब्ध पोस्टरांची छोटी चित्रं असत: वन-शीट, थ्री-शीट, सिक्स-शीट, इन्सर्ट, कार्डांचा संच. कोणत्या नटाचं नाव किती टक्के आकारात छापायचं, याची तपशीलवार नोंदही कित्येक प्रेसबुकांत असते, कारण ती करारातली बाब होती. शीर्षक शंभर टक्के धरलं तर नायक ७५, नायिका ७५, अमका २५, अशी. पोस्टर तपासणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार मिळणं कठीण.

प्रेसबुकं अनेक ग्रंथालयांत जपलेली आहेत. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचं बेव्हर्ली हिल्समधलं मार्गारेट हेरिक ग्रंथालय त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथला पोस्टरांचा संग्रहही मोठा आहे. त्याशिवाय घरबसल्या जे करता येतं ते मी आधी केलं. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीनं ‘मोशन पिक्चर हेरल्ड’, ‘फिल्म डेली’ यांसारखी सिनेव्यवसायाची जुनी नियतकालिकं स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत आणि त्यांत शब्द टाकून शोधता येतं. सिनेमाचं नाव टाकलं की प्रदर्शनाच्या तारखा, परीक्षणं, पूर्ण पानी जाहिराती सगळं समोर येतं. शोधताना नटाचं नावही टाकावं, कारण स्कॅनच्या वाचनात शीर्षकातली अक्षरं पुष्कळदा चुकतात. या अंकांमध्ये मी रात्री-बेरात्री हरवून जाते. हव्या असलेल्या पानापर्यंत पोचायच्या आधी वाटेत दहा पानं वाचून होतात, आणि त्यांतलं काही ना काही पुढे दुसऱ्याच पोस्टरच्या कामी येतं.

१९४६ च्या जाहिरातीत तिसरं नाव तळाच्या बारीक यादीत होतं. प्रेसबुकाची प्रत पाहायला मिळाली तेव्हा तिच्यातही तसंच, आणि वन-शीटच्या छोट्या चित्रात शीर्षकाच्या वर दोनच नावं. चेहरा तोच, पिवळा उजेड तोच, लाल अक्षरंही तिथेच. वेगळी फक्त ती वरची ओळ. पुढे १९५३ च्या अंकांत त्याच स्टुडिओची पुनःप्रदर्शनाची जाहिरात सापडली, आणि तिच्यात तीन नावं एका रांगेत उभी होती.

मग कोपऱ्यातला ४६ आला कुठून?

खोली पूर्ण काळोखी करून मी अतिनील दिवा लावला. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून गिरणीत एक रसायन घालतात. ते अतिनील उजेडात निळसर पांढरं चमकतं. कागदात त्याचा वापर १९५० च्या सुमाराला सुरू झाला आणि हळूहळू सर्वत्र पसरला. त्यामुळे १९३० किंवा ४० च्या दशकातला म्हणवणारा कागद दिव्याखाली लख्ख उजळला, तर तो त्या काळचा नाही. उलट तो उजळला नाही म्हणून मात्र काहीच सिद्ध होत नाही. १९५३ साली छापलेला कागदही मंद राहू शकतो, आणि नकलेसाठी कुणी मुद्दाम असं रसायन नसलेला कागद शोधूनही वापरू शकतो. हा दिवा ‘नाही’ ठामपणे सांगतो, ‘होय’ कधीच सांगत नाही. दिव्याकडे थेट बघू नये आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा लावावा, हेही इथेच सांगते.

पोस्टरचा मोठा भाग मंद, पिवळसर तपकिरी दिसला. घड्यांच्या छेदांवर डागडुजीचा रंग गडद डागांसारखा उठून आला, तेही अपेक्षितच. पण तळाशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटभर रुंदीची पट्टी निळीशार चमकत होती. तिची वरची कड चित्राच्या चौकटीला अगदी चिकटून गेली होती. साध्या उजेडात तो सांधा इतका बेमालूम होता, की भिंग लावूनही मला आधी तो दिसला नव्हता. आता कुठे शोधायचं हे कळल्यावर दिसला. खालचा आख्खा काठ नवीन कागदाचा होता आणि क्रमांक त्या नवीन कागदावर होता. पुन्हा भिंग घेऊन आकडे पाहिले. ते छापलेले नव्हते. चारच्या आकड्याची उभी रेघ वर जाड आणि खाली बारीक होती, आणि सहाच्या पोटात शाई जमून तो भरल्यासारखा दिसत होता. कुणीतरी अतिशय बारीक कुंचल्यानं ते रंगवले होते.

फसवण्यासाठी रंगवले का? तसं मी म्हणणार नाही. कापडावर चढवणारे कारागीर फाटका काठ बदलतात आणि पूर्वी होतं तसं दिसावं म्हणून अक्षरंही पुन्हा लिहितात, ही त्या कामातली नेहमीची पद्धत आहे. काठ फाटून गेलेला असेल, कारागिरानं सिनेमाचा क्रमांक यादीत पाहिला असेल आणि पहिल्या प्रदर्शनाचा म्हणून जो दिला होता तोच लिहिला असेल. हेतू काहीही असो, त्या कोपऱ्याची साक्ष आता बाद झाली होती.

कापड काढायचा निर्णय केवळ सालासाठी घेतला नाही. कापडावर चढवणं म्हणजे पोस्टरच्या पाठीला आधी पातळ जपानी कागद आणि मग सुती कापड गव्हाच्या खळीनं चिकटवणं. नीट केलं तर पोस्टरला त्याचा फायदाच होतो, आणि पाण्यानं ते सोडवताही येतं. माझ्या पोस्टरचं कापड मात्र दोन ठिकाणी सुटून फुगलं होतं. कागदाचं संवर्धन करणाऱ्या एका जाणत्या बाईंना मी ते दाखवलं. पाठ मोकळी करून पुन्हा चढवावं लागेलच, असं त्यांनी सांगितलं. मग मी विनंती केली, की पाठ उघडेल तेव्हा मला तिथे बसू द्या.

त्यांनी आधी प्रत्येक रंगाच्या एका टोकाला ओला कापूस टेकवून शाई सुटत नाही ना ते पाहिलं. मग पोस्टर पालथं घालून ओलावा दिला, खळ मऊ होऊ दिली आणि कोपऱ्यापासून कापड सोलायला घेतलं. कापड उचलून वर ओढायचं नाही. स्वतःवरच दुमडून, जमिनीला समांतर मागे न्यायचं, म्हणजे कागदावर ताण येत नाही. त्यांचा हात एकदाही घाईत आला नाही. त्यानंतर जपानी कागदाचा थर, तोही तसाच. खाली उघडी पडली ती तपकिरी, खळीनं माखलेली पाठ. ओल्या कापसानं एकेक चौकोन स्वच्छ करत त्या पुढे चालल्या होत्या. एका चौकोनाशी त्यांचा हात थबकला. ‘इथं जांभळं दिसतंय काहीतरी,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कापूस बाजूला ठेवला.

रबरी शिक्का होता. घडी घातलेली पोस्टरं गठ्ठ्यात ओळखू यावीत म्हणून बाहेरच्या चौकोनावर सिनेमाचं नाव आणि क्रमांक मारत असत, तसा. शाई ओलाव्यानं किंचित पसरली होती, पण अक्षरं वाचता येत होती: सिनेमाच्या नावाचे पहिले शब्द आणि त्याखाली ‘आर’, ५३, तिरपी रेघ, पुढे तीन आकडे. बाईंनी तिथे पाणी लावणं थांबवलं, टिपकागद ठेवला, आणि आधी फोटो घेतले, सरळ उजेडात आणि तिरप्या उजेडात. आता नावांचा आकार, व्यावसायिक अंकातली जाहिरात, प्रेसबुक आणि शिक्का, चारही साक्षीदार एकच साल सांगत होते: १९५३.

मला विचाराल तर पोस्टर ओळखण्यातलं खरं काम हेच आहे. कुठलाही एक पुरावा एकटा उभा राहिला तर तो पाडता येतो. माप कापून बदलता येतं. क्रमांक रंगवता येतो. जुना कागदही मिळवता येतो. २००९ च्या सुमारास संग्राहकांच्या जगात मोठी खळबळ उडाली ती यावरूनच. १९३० च्या दशकातल्या गाजलेल्या अमेरिकन भयपटांची बनावट लॉबी कार्डं आणि पोस्टरं वर्षानुवर्षं खरी म्हणून विकली गेल्याचं तेव्हा उघड झालं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि शिक्षाही झाली. तेव्हापासून कोणतीही दुर्मीळ वस्तू अचानक बाजारात दिसली, तर ती कुणाकुणाच्या हातून आली याची साखळी मी आधी विचारते. आणि तिची पाठ झाकलेली असेल, तर कापडावर चढवण्याआधीचे फोटो मागते. डागडुजी करणारे चांगले कारागीर असे फोटो ठेवतात.

काही खुणा लहान असतात पण पक्क्या असतात. छापखान्यातल्या कामगार संघटनेचा शिक्का ही त्यांतली एक. अमेरिकन पोस्टरच्या तळाशी तांदळाएवढं एक चिन्ह दिसतं. त्यातली अक्षरं भिंगाखाली वाचावीत. लिथो कामगारांची जुनी संघटना १९६४ मध्ये दुसऱ्या संघटनेत विलीन झाली, १९७२ मध्ये पुन्हा एक विलीनीकरण होऊन ग्राफिक आर्ट्स इंटरनॅशनल युनियन हे नाव आलं, आणि १९८३ मध्ये तेही बदललं. १९५० च्या दशकातलं म्हणून दाखवलेल्या एका विज्ञानपटाच्या पोस्टरवर मला १९७२ नंतरचं नाव वाचायला मिळालं आणि तपास तिथेच संपला. प्रेक्षकवर्गाचं प्रमाणपत्रही तसंच उपयोगी. अमेरिकेत अक्षरी वर्गवारी १९६८ च्या नोव्हेंबरात आली. ‘पीजी’ हे अक्षर १९७२ पासून, ‘पीजी-१३’ १९८४ पासून. त्याआधीच्या सिनेमाच्या पोस्टरवर या वर्गवारीची चौकट असेल, तर ते पुनःप्रदर्शनाचं पोस्टर आहे, दुसरं काही नाही.

इतर देशांची पोस्टरं हाती आली की सगळी उजळणी नव्यानं करावी लागते. जपानी पोस्टरवर तिथल्या परिनिरीक्षण संस्थेचं, एइरिनचं, चिन्ह शोधावं. ही संस्था १९४९ ची, म्हणजे चिन्ह असलेलं पोस्टर त्याआधीचं असू शकत नाही. इटालियन पोस्टरच्या तळाशी छापखान्याचं नाव आणि पुष्कळदा सालही बारीक अक्षरांत असतं. युद्धकाळातले अमेरिकन सिनेमे युरोपात कितीतरी ठिकाणी युद्ध संपल्यावरच पोचले. त्यामुळे १९४२ च्या सिनेमाचं १९४७ मधलं इटालियन पोस्टर हे तिथलं पहिल्या प्रदर्शनाचंच पोस्टर असू शकतं. साल बघून नाक मुरडण्याआधी तो सिनेमा त्या देशात कधी लागला ते पाहावं.

विक्रेत्याला मी सगळे फोटो पाठवले: दिव्याखालची निळी पट्टी, भिंगातले आकडे, जाहिरातींची दोन पानं, जांभळा शिक्का. त्यांनी ते शांतपणे पाहिलं. पोस्टर परत घ्यायची तयारी दाखवली, आणि त्यांनाही ते कापडावर चढवलेल्या अवस्थेतच मिळालं होतं असं सांगितलं. परत करायची माझी इच्छा नव्हती. व्यवहार पुनःप्रदर्शनाच्या पोस्टरच्या हिशेबानं दुरुस्त झाला आणि पोस्टर माझ्याकडे राहिलं. १९५३ चं म्हणून ते कमी देखणं झालेलं नाही; चित्राची छपाई उत्तम आहे, आणि त्या तिसऱ्या नावामुळे तर त्याला स्वतःची एक गोष्ट आहे. एका नटाचं नशीब सात वर्षांत कसं पालटलं, ते त्या ओळीत मोजून घेता येतं.

पोस्टर नव्यानं चढवताना संवर्धक बाईंनी विचारलं, की रंगवलेल्या क्रमांकाचं काय करायचं? नवा काठ ठेवला, कारण त्यावाचून चित्राची कड उघडी पडली असती. रंगवलेले आकडे काढून टाकले. त्या जागी ‘आर ५३’ लिहावं असंही त्यांनी सुचवलं होतं, पण मला ते नको होतं. खरा क्रमांक पाठीवर आहे, पुढे पुन्हा नवं रंगकाम कशाला? नवं कापड लागल्यावर शिक्का झाकला जाणार, म्हणून त्याचे फोटो, प्रेसबुकाच्या पानाची प्रत, अंकांच्या तारखा आणि दिव्याखालचे फोटो एका पाकिटात घालून पोस्टरबरोबर ठेवले आहेत. ज्या कुणाच्या हाती ते पुढे जाईल त्याला हे पाकीटही जाईल, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे.

आता त्याच विक्रेत्यांनी त्याच जुन्या संग्रहातलं आणखी एक वन-शीट माझ्याकडे तपासायला पाठवायचं ठरवलं आहे. तेही १९४० च्या दशकातलं म्हणवणारं, तेही कापडावर चढवलेलं, आणि फोटोत त्याचाही खालचा काठ बाकीच्या तीन काठांपेक्षा जरा पांढरा दिसतो. मी त्यांना अतिनील उजेडातला तळाचा फोटो आधी पाठवायला सांगितलं आहे, आणि सिनेमाचं नाव टाकून जुने अंक चाळायला बसले आहे.